गिळलेली अक्षरं

मोबाइलवर सध्या एक नवीन शिक्षकवर्ग तयार झालाय. अर्ध्या मिनिटात इंग्रजी शिकवणारा. एक हसतमुख तरुण समोर येतो, त्याच्या डाव्या खांद्याशी लाल फुली, उजव्या खांद्याशी हिरवी खूण. फुलीखाली लिहिलेलं असतं ‘आय अ‍ॅम गोइंग टू’, खुणेखाली ‘आयम गॉना’. फुलीखाली ‘आय वॉन्ट टू’, खुणेखाली ‘आय वॉना’. असं बोललात की तुमचं इंग्रजी नॅचरल वाटेल, एवढं सांगून तो पुढच्या व्हिडिओकडे पळतो.

मी निवृत्तीनंतर पुण्यात स्पोकन इंग्लिशचा एक छोटा वर्ग घेते. लातूर, बीड, धाराशिवकडून स्पर्धा परीक्षेसाठी किंवा नोकरीसाठी आलेली मुलं, शिवाय जवळपासच्या पेठांमधली दोन-चार. त्यातली बरीचशी हे व्हिडिओ कोळून प्यालेली असतात. ‘मायसेल्फ अमुक तमुक’ हा जुना टप्पा त्यांनी केव्हाच ओलांडलाय. मागच्या खेपेला एक मुलगा ओळख करून द्यायला उभा राहिला आणि म्हणाला, ‘हाय गाइज, आयम गॉना टेल यू अबाउट मायसेल्फ.’ पाढे म्हणावेत तसं. ‘गॉ’वर एक ठोका, ‘ना’वर एक ठोका, ‘टेल’वर एक, ‘यू’वर एक. वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्याच्या धीटपणाला मीही वाजवल्या.

पण कानाला काहीतरी टोचत राहिलं. ‘गॉना’ होतं, घाई नव्हती. हा शब्द कुणी ठरवून बनवलेला नाही. ‘गोइंग टू’ भराभर म्हणता म्हणता तो झिजून उरलाय. ती घाई वगळून नुसता झिजलेला तुकडा घेतला, की बोलणं नॅचरल होण्याऐवजी आणखीच पाठ केलेलं वाटतं. ‘आय अ‍ॅम गोइंग टू’ सावकाश म्हणणारा माणूस फक्त सावकाश बोलतो. ‘गॉ-ना’ सावकाश म्हणणारा मात्र सोंग आणल्यासारखा दिसतो.

यात त्या मुलाचा दोष काहीच नाही. आम्ही सगळेच इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. पहिलीपासून इंग्रजी हे महाराष्ट्रात 2000 साली आलं. त्याआधीच्या मराठी शाळांतल्या पोरांची एबीसीडीशी गाठ पडायची ती पाचवीत. ऐकायला इंग्रजी म्हणजे आकाशवाणीवरच्या बातम्या, आणि त्या लागल्या की वडील रेडिओचा कान पिळून दुसरं स्टेशन लावणार. बाकी सगळा कारभार छापील. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, पुढे रेन अँड मार्टिन. ‘डोन्ट’, ‘कान्ट’ यांना मास्तर ‘शॉर्ट फॉर्म’ म्हणायचे आणि निबंधात शॉर्ट फॉर्म दिसला की अर्धा गुण कापायचे. औपचारिक लेखनापुरतं ते बरोबरच होतं, आजही बरोबर आहे. पण बोलायचं वेगळं आणि लिहायचं वेगळं असं सांगणार कोण? बोलायचा प्रसंगच कुठे होता! त्यामुळे पूर्ण रूप म्हणजे शुद्ध आणि आखूड रूप म्हणजे आळस, हे मनात पक्कं बसलं.

डोळ्यांनी शिकण्याचा एक फायदा मात्र कुणी सांगत नाही. ‘कुड हॅव’चं बोलण्यात ‘कुडव्ह’ होतं, आणि तो ‘व्ह’ ऐकायला ‘ऑफ’च्या विझलेल्या उच्चारासारखाच. इंग्लंड-अमेरिकेतली भली शिकलेली माणसंही म्हणून सर्रास ‘कुड ऑफ’ लिहून मोकळी होतात. त्यांना ते आधी कानाने भेटलेलं असतं. आमच्या पोरांची ही चूक सहसा होत नाही. त्यांना ‘हॅव’ आधी फळ्यावर दिसलेला असतो. उलटी गंमत आमच्याच घरात आहे. माझ्या बहिणीची नात न्यू जर्सीत वाढली. फोनवर ‘आजी, काय करतेयस?’ असं ती इतक्या सफाईनं विचारते की ऐकत राहावं. गोष्टीच्या पुस्तकात ‘तू काय करीत आहेस’ आलं की मात्र अडखळते. ते मराठी तिच्या ओळखीचं नाही.

इंग्रजी वाक्यातले सगळे शब्द बोलताना सारख्या मानाचे नसतात. टू, ऑफ, फॉर, अँड, कॅन, हॅव ही मंडळी कागदावर पुरी जागा अडवतात, तोंडात आली की आकसतात. त्यांचा स्वर विझतो आणि एक पुसट ‘अ’ उरतो. त्याला श्वा म्हणतात, आणि इंग्रजी बोलण्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर तोच. केनेथ पाइक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं 1945 साली अशी मांडणी केली की काही भाषांचा ताल आघातांवर चालतो, काहींचा अक्षरांवर. पुढे यंत्रांनी मोजमापं घेतली तेव्हा ही विभागणी इतकी स्वच्छ निघाली नाही, पण वर्गात समजावून सांगायला ती अजून उपयोगी पडते. इंग्रजीत ज्या शब्दावर अर्थाचा भार, त्याच्यावर आवाजाचा जोर. मधले सगळे चेपून बसवायचे. आपण प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. आणि गंमत म्हणजे ‘अ’ गिळायची सवय आपल्याला नाही असंही नाही. लिहितो ‘चमचा’, म्हणतो ‘चम्चा’. लिहितो ‘करवत’, म्हणतो ‘कर्वत’. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, म्हणून आपण ते करतो हेही आपल्याला ठाऊक नसतं.

कॅन आणि कान्टचं प्रकरण यातलं सगळ्यात नामी. माझा एक जुना विद्यार्थी रात्रपाळीच्या कॉल सेंटरमध्ये लागला होता. तिथे ‘एमटीआय’ नावाचं एक भूत असतं. मदर टंग इन्फ्लुअन्स, म्हणजे तुमच्या इंग्रजीतून डोकावणारी तुमची आई. ट्रेनिंगमध्ये ते उतरवून मगच माणसाला फोनवर बसवतात. याचं बरंचसं उतरलं होतं. एका रात्री एका अमेरिकन बाईंना बुकिंगची तारीख बदलून हवी होती. बदलणं शक्य होतं, म्हणून यानं अगदी आत्मविश्वासानं सांगितलं, ‘वी कॅन चेंज द डेट, मॅम.’ बाई भडकल्या. का नाही बदलत, म्हणाल्या. याला वाटलं लाइन खराब आहे. त्यानं आणखी जोर देऊन सांगितलं, ‘मॅम, वी कॅन!’ बाई आणखी भडकल्या. शेवटी सुपरवायझरनं कॉल घेतला, तीच तारीख बदलून दिली आणि त्या आभार मानून फोन ठेवून गेल्या.

झालं होतं असं. अमेरिकन माणूस ‘कान्ट’ला ‘कॅन्ट’ म्हणतो, आणि बोलण्याच्या ओघात त्यातला ‘ट’ बहुतेक वेळा घशातच अडवतो. ऐकणाऱ्याला ‘ट’चा आधार नसतो, त्याचा कान स्वराकडे लागलेला असतो. होकारातलं ‘कॅन’ विझून ‘क्न’ होतं आणि जोर पुढच्या क्रियापदावर पडतो. नकारातलं ‘कॅन्ट’ मात्र स्वर पुरा ठेवतं, जोरही ठेवतं. तेव्हा आमचा मुलगा जितक्या स्पष्टपणे ‘कॅन’ म्हणत होता तितक्या स्पष्टपणे त्या बाईंना ‘नाही’ ऐकू येत होतं. हे कळल्यावर तो माझ्याकडे येऊन बसला आणि आम्ही तेवढं एकच वाक्य घोळवलं. ‘वी क्न चेंज द डेट.’ ‘क्न’ म्हणताना हनुवटी हलता कामा नये, ‘चेंज’वर मात्र आवाज चढला पाहिजे. त्याला ते जमायला सबंध संध्याकाळ लागली, कारण स्पष्ट बोलायचं नाही हे त्याच्या जिवावर येत होतं. ‘मॅडम, तोंडातल्या तोंडात बोलू नकोस म्हणून लहानपणी मार खाल्लाय,’ म्हणाला. वैमानिक आणि नियंत्रण कक्षातली माणसं या भानगडीतच पडत नाहीत. त्यांच्या ठरीव भाषेत जमत नसेल तर ‘अनेबल’ म्हणायचं असतं.

आखूड करण्यालाही नियम आहेत, आणि ते व्हिडिओत सांगत नाहीत. ‘आर यू रेडी?’ला आमची मुलं ‘येस, आयम’ असं उत्तर देतात. शॉर्ट फॉर्म आहे, मग वापरला, इतकं सरळ. पण इंग्रजीत वाक्याच्या टोकाशी ‘अ‍ॅम’ला आखूड होता येत नाही, पुढे टेकायला काही नसलं की त्याला ताठ उभं राहावंच लागतं. ‘येस, आय अ‍ॅम.’ ‘आयम गॉना ईट’ चालतं, ‘आयम गॉना मुंबई’ चालत नाही. तिथे ‘गोइंग’ हे खरोखरचं जाणं आहे, आणि खरोखरच्या जाण्याचा गॉना होत नाही. ‘वॉना’चं तर आणखी नाजूक. ‘हू डू यू वॉना इन्व्हाइट?’ म्हणजे तुला कुणाला बोलवायचंय. हे कुणीही म्हणेल. पण ‘हू डू यू वॉन्ट टू विन?’ म्हणजे कोण जिंकावं असं तुला वाटतं, हे विचारताना इंग्रजी घरात वाढलेला माणूस सहसा ‘वॉना’ म्हणत नाही. जिंकणारा ‘हू’ मुळात ‘वॉन्ट’ आणि ‘टू’च्या मधोमध बसलेला होता, तो उठून पुढे गेला तरी त्याची जागा कान विसरत नाही. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींच्या परंपरेतल्या पंडितांनी या एवढ्याशा ‘वॉना’वर वर्षानुवर्षं वाद घातलेत. चार वर्षांचं पोर जे न शिकता पाळतं, त्याचं कारण सांगताना विद्यापीठं घामाघूम होतात. ही मला भाषेतली सगळ्यात आवडणारी गोष्ट.

बरं, या आखूड रूपांना साहेबाच्या देशात तरी मान होता का? अजिबात नाही. 1710 साली जोनाथन स्विफ्टनं ‘टॅटलर’मध्ये एक लेख लिहिला. ‘गलिव्हर’वाला स्विफ्ट तोच. कान्टसारखे प्रकार आणि शब्दांची शेपटं तोडण्याची फॅशन यांनी भाषेची वाट लावलीय असा त्याचा त्रागा. ‘मॉब’ हा लॅटिन ‘मोबिले व्हल्गस’चा तुकडा तर त्याला जन्मभर डाचला. पुढच्याच वर्षी ‘स्पेक्टेटर’मध्ये जोसेफ अ‍ॅडिसननं मेन्ट, कान्ट, शान्ट, वोन्ट यांच्यावर तोंडसुख घेतलं, दोन शब्दांचा एक करून भाषेत व्यंजनांची खडखड वाढवली म्हणून. दोघांचाही इलाज चालला नाही. ‘कान्ट’ आज इंग्लंडच्या राजाच्याही तोंडी असतो, आणि ‘मॉब’शिवाय आपलं मराठी वर्तमानपत्रही निघत नाही.

‘एन्ट’ची कथा याहून बोधप्रद आहे. ‘अ‍ॅम नॉट’, ‘इज नॉट’ सगळ्यांनाच पुरणारं हे रूप एके काळी इंग्लंडमधली बडी, शिकारीला जाणारी, घोडी पाळणारी मंडळी बिनदिक्कत वापरत. तेच रूप गल्लीतला माणूसही वापरी. पुढे शाळामास्तरांनी त्याच्यावर बहिष्कार टाकला. लॉर्डसाहेबांच्या तोंडचं ‘एन्ट’ तऱ्हेवाईकपणात जमा झालं, हमालाच्या तोंडचं अडाणीपणात. उच्चार दोघांचा एकच. आपल्या ‘इझन्ट इट’चंही पाहा. ‘यू आर कमिंग, इझन्ट इट?’ हे बाबू इंग्लिश म्हणून हसण्यावारी नेलं गेलं, कारण आपण आपलं ‘ना?’ सरसकट त्यात ओततो. लंडनच्या रस्त्यांवर तरुण पोरं त्याच थाटात कुठल्याही वाक्याला ‘इनिट’ जोडतात, आणि ते तिथल्या बोलीचं वैशिष्ट्य ठरतं.

बर्नार्ड शॉला यातली मेख पक्की कळली होती. एक तर तो या रूपांमधला अ‍ॅपॉस्ट्रॉफी, म्हणजे आमच्या मास्तरांच्या भाषेत ‘वरचा स्वल्पविराम’, घालतच नसे. त्याच्या नाटकांच्या पुस्तकांत ‘डोन्ट’, ‘वोन्ट’ बिनटिंबाचे छापलेले आहेत. पानावर शिंतोडे उडाल्यागत दिसणाऱ्या त्या खुणांचा त्याला तिटकारा होता. ‘हील’चा ‘हेल’ व्हायची वेळ आली तेवढ्यापुरता तो नमतं घेई. दुसरं म्हणजे ‘पिग्मॅलियन’. पु. ल. देशपांड्यांनी त्याची ‘ती फुलराणी’ केली आणि भक्ती बर्वे यांनी मंजुळा अजरामर केली, त्यामुळे मराठी वाचकाला कथा सांगायला नको. पण मूळ नाटकात शॉनं मागाहून घातलेला एक प्रवेश आहे, वकिलातीतल्या मेजवानीचा. फुलं विकणारी एलायझा तिथे डचेससारखी वावरते. तिला शिकवणाऱ्या हिगिन्सचाच एक जुना शिष्य, भाषांचा तज्ज्ञ म्हणून मिरवणारा, तिला पारखतो आणि छातीठोक निकाल देतो: ही इंग्लिश नाही, हंगेरियन आहे. का, तर इतकं निर्दोष इंग्रजी इंग्लिश माणूस बोलतच नाही. ते शिकवलेल्या परदेश्यालाच येतं. हा गृहस्थ नाटकात मूर्ख म्हणून आणलाय, पण बोलला ते खोटं नाही. शुद्धतेनं एलायझाला आत घेतलं आणि शुद्धतेनंच ती बाहेरची ठरली.

म्हणून मला वाटतं, अक्षर गिळणं ही ऐपतीची गोष्ट आहे. ज्याच्या भाषेबद्दल कुणाला शंका नाही त्यानं गिळलं की ते सहज असतं. शंका आहे त्यानं गिळलं की त्याला येत नाही असं ठरतं. मुलाखतीत ‘आयम गॉना’ म्हणणारा औशाचा मुलगा आणि तेच म्हणणारा शिकागोचा मुलगा, दोघांना एकच कान ऐकत नाही.

आणि हे इंग्रजीपुरतं असतं तर मी साहेबाला दोष देऊन गप्प बसले असते. पण आपण मराठीत काय करतो? ‘करतो आहे’चं ‘करतोय’ झालं, ‘झाले आहे’चं ‘झालंय’ झालं, ‘जाते आहेस’चं ‘जातेयस’. हा लेखच त्यांनी भरलाय. 1962 साली साहित्य महामंडळानं लेखनाचे नियम ठरवले तेव्हा न उच्चारलेले अनुस्वार गेले आणि पात्रांच्या तोंडच्या ‘केलं’, ‘झालं’साठी अनुस्वाराची सोय झाली. आता ही रूपं कथेत, अग्रलेखात, जाहिरातीत, मंत्र्यांच्या भाषणात सगळीकडे आहेत. कुणी त्यांना आळशी म्हणत नाही. आणि ‘गेलो होतो’चं ‘गेल्तो’? ‘केलं होतं’चं ‘केल्तं’? ‘आला होता’चं ‘आल्ता’? व्याकरणाच्या दृष्टीनं क्रिया तीच. दोन शब्द जवळ आले, मधला स्वर विझला, जोड बसली. एक जोड पुण्याच्या छापखान्यात पोचली म्हणून प्रमाण. दुसरी एसटीनं आली म्हणून गावंढळ. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतल्या अशाच भेदांवर पीएच.डी. केली. आमच्याकडे त्या भेदांवर अजून विनोदी नाटकं चालतात.

हा विषय वर्गात काढायचं माझ्या मनात नव्हतं. तो अंबाजोगाईकडच्या एका मुलीनं काढला. एरवी ती बोलत नसे; बोलली तरी मराठीसुद्धा तोलून मापून, छापील. त्या दिवशी मी ‘आय हॅड गॉन’चं ‘आय्ड गॉन’ कसं होतं ते शिकवत होते, आणि कुणाच्याच तोंडात तो ‘ड’ बसेना. कुणी ‘आयडी गॉन’ म्हणे, कुणी ‘आय डगॉन’. ती हात वर करून म्हणाली, ‘मॅडम, एक विचारू का? ते लोक आय्ड गॉन म्हणले की नॅचरल, आन मी गेल्ते म्हणलं की होस्टेलच्या पोरी हसतात. का बरं?’

पेठेतली मुलं खाली पाहू लागली. मी ‘एन्ट’ची गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. फळ्यावर ‘आय हॅड गॉन’ होतंच, त्याच्या शेजारी मी ‘मी गेले होते’ लिहिलं. खाली ‘आय्ड गॉन’ आणि त्याच्या शेजारी ‘गेल्ते’. जागा तंतोतंत जुळली. इंग्रजीतला ‘हॅड’ जिथे मोडतो तिथेच आपला ‘होते’ मोडतो. उरतं ते एक व्यंजन आणि त्याला चिकटलेला थोडासा आवाज.

‘आता असं करा,’ मी म्हटलं, ‘मी इंग्रजी लांबलचक सांगते. तुम्ही आधी गावाकडचं मराठी सांगा आणि मग त्याच दमात इंग्रजी.’

‘ही हॅड कम.’

‘आल्ता! हीड कम!’ लातूरची बाजू एका सुरात.

‘दे हॅड ईटन.’

‘खाल्ल्तं... देड ईटन!’

‘शी हॅड टोल्ड मी.’

‘सांगितल्तं तिनं! शीड टोल्ड मी!’

‘ड’ बसला. मघापर्यंत अडलेला तो ‘ड’ आता पार शेवटच्या बाकापर्यंत पोचला. ती मुलगी सगळ्यांत पुढे होती, आणि ती आता तोलून मापून बोलत नव्हती. सदाशिव पेठेतला एक मुलगा तेवढा मागे पडत होता. त्याला पहिली पायरीच येत नव्हती. शेवटी त्यानं वही उघडली, शेजारच्या बीडच्या मुलाला कोपरानं ढोसलं आणि दबक्या आवाजात विचारलं, ‘अरे, ‘बघितलं होतं’चं काय होतं?’

‘बघितल्तं,’ तो म्हणाला. ‘लिहू नको, म्हण.’